फुप्फुसांतील उच्च रक्तदाब आणि घरचा व्यायाम : मात्रा, पथ्ये आणि धोक्याच्या खुणा

दंडाला पट्टा बांधून आपण जो रक्तदाब मोजतो, त्याहून फुप्फुसांतील रक्तदाब वेगळा असतो. हृदयाच्या उजव्या भागातून अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे नेणाऱ्या धमन्यांमध्ये तो निर्माण होतो. निरोगी माणसात विश्रांतीच्या वेळी त्याची सरासरी पाऱ्याच्या सुमारे १४ मिलिमीटर एवढीच असते. ती २०च्या वर गेली, की 'पल्मनरी हायपरटेन्शन' हे निदान केले जाते. इकोकार्डिओग्राफीतून शंका येते. खात्री मात्र उजव्या हृदयात बारीक नळी सरकवून केलेल्या मोजणीनेच होते. त्यामुळे दंडावरचा आकडा १२०/८० असलेल्या व्यक्तीलाही हा विकार असू शकतो.

उजवा कप्पा पातळ भिंतीचा आणि कमी दाबाला सरावलेला असतो. अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त ढकलताना तो आधी जाड होतो, मग पसरतो आणि शेवटी थकतो. जिना चढताना धाप लागणे, भोवळ येणे, घोट्यांवर सूज येणे ही त्याची लक्षणे होत. कारणांनुसार या विकाराचे पाच गट केले जातात : मूळ धमन्यांचाच आजार, डाव्या हृदयाचे विकार, फुप्फुसांचे विकार, जुन्या रक्तगाठी आणि संमिश्र कारणे. भारतात लहानपणीच्या संधिवाती तापाने बिघडलेल्या झडपा, वेळेवर न बुजवलेली हृदयातील जन्मजात छिद्रे आणि चुलीच्या धुराने जर्जर झालेली फुप्फुसे ही कारणे आजही आढळतात. गट कोणता, यावर औषध ठरते आणि व्यायामाची मर्यादाही ठरते.

विश्रांतीकडून व्यायामाकडे

श्रमाने उजव्या हृदयावर ताण येऊन रुग्ण कोसळेल, या भीतीने अनेक वर्षे या रुग्णांना व्यायामापासून दूर ठेवले जात असे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील वैद्यकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या समजाला धक्का दिला. त्यात ३० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने तीन आठवडे रुग्णालयात आणि नंतर बारा आठवडे घरी सायकल, हलकी डंबेल्स व श्वसनाचे व्यायाम केले. पंधरा आठवड्यांनंतर सहा मिनिटांत चालता येणाऱ्या अंतरात दोन गटांमध्ये सरासरी १११ मीटरचा फरक दिसला. पुढे युरोपातील दहा देशांत याच पद्धतीचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्यात फरक सुमारे ३४ मीटर, म्हणजे बराच कमी, पण निश्चित होता. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी धमन्यांच्या मूळ आजारात, औषधे चालू असलेल्या रुग्णांसाठी देखरेखीखालील व्यायामाची स्पष्ट शिफारस केली.

यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत : 'औषधे' आणि 'देखरेख'. व्यायाम औषधाची जागा घेत नाही. त्याचा मोठा लाभ स्नायूंना होतो. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिल्याने मांड्यांचे आणि श्वसनाचे स्नायू झिजतात. झिजलेले स्नायू थोड्या कामालाही जास्त प्राणवायू मागतात आणि धाप आणखी लवकर लागते. हे चक्र व्यायामाने सैल होते.

घरी सुरुवात करण्यापूर्वी

प्रकृती आणि औषधांची मात्रा काही आठवडे स्थिर असावी. अलीकडे शुद्ध हरपली असेल, छातीत दुखत असेल, सूज वाढत असेल किंवा ताप असेल, तर व्यायाम सुरू करू नये. तज्ज्ञांकडून चालण्याची चाचणी करून घ्यावी आणि नाडीची व प्राणवायूची वैयक्तिक मर्यादा लिहून घ्यावी. पहिली काही सत्रे फिजिओथेरपिस्टसमोर व्हावीत. ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी या विकाराची सात विशेष केंद्रे आहेत. ती लंडन, शेफील्ड, केंब्रिज, न्यूकॅसल आणि ग्लासगो परिसरात आहेत. आपल्या केंद्रातील परिचारिकेला व्यायामाविषयी विचारणे ही योग्य पहिली पायरी होय.

मात्रा कशी असावी

सपाट जागेवर पाच ते दहा मिनिटे चालण्यापासून आरंभ करावा. दोन मिनिटे चालणे, एक मिनिट थांबणे अशी विभागणी चालते. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटत असेल, तर गती जास्त आहे असे समजावे. श्रमाची जाणीव शून्य ते दहाच्या मापावर तीन-चारच्या पुढे जाऊ देऊ नये. आधी वेळ वाढवावी, गती नंतर. खुर्चीतून उठणे-बसणे आणि अर्धा ते एक किलोची डंबेल्स आठवड्यातून दोन-तीनदा पुरेशी होतात. वजन उचलताना श्वास सोडावा. तो कधीही रोखू नये. शेवटची पाच मिनिटे गती हळूहळू उतरवावी. एकदम थांबल्यास रक्त पायांत साठते, आणि रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे घेणाऱ्यांना भोवळ येऊ शकते.

आपल्याकडे व्यायाम म्हटला की सूर्यनमस्कार आणि प्राणायाम आठवतात. या रुग्णांनी कुंभक, भस्त्रिका, कपालभाती, शीर्षासन व सर्वांगासन टाळावे. श्वास रोखल्याने छातीतील दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. सूर्यनमस्कारांत वारंवार वाकणे आणि उठणे असल्याने तेही तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे मात्र बहुतेकांना मानवते.

ऑक्सिमीटर आणि धोक्याच्या खुणा

बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा उपयुक्त असला, तरी अंतिम नव्हे. सावळ्या त्वचेवर तो प्रत्यक्षाहून जास्त प्राणवायू दाखवू शकतो. गार बोटे आणि नखांवरचा रंगही त्याला चकवतात. आकडा चांगला असूनही त्रास होत असेल, तर त्रासावर विश्वास ठेवावा. अनेकांना ९० टक्क्यांच्या खाली थांबण्यास सांगितले जाते. जन्मजात दोष असलेल्यांचा आकडा विश्रांतीतही कमी असू शकतो, म्हणून मर्यादा ज्याची त्यालाच लागू.

छातीत दुखणे, भोवळ, धडधड किंवा ओठ निळसर पडणे यांपैकी काहीही झाल्यास लगेच थांबून बसावे. लक्षणे न ओसरल्यास किंवा शुद्ध हरपल्यास रुग्णवाहिका बोलवावी. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणे हे शरीरात पाणी साचत असल्याचे लक्षण असू शकते. व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवावे. पंपाद्वारे सतत औषध घेणाऱ्यांनी नळी ओढली जाणार नाही याची दक्षता घ्यावी. औषध अचानक तुटणे जिवावर बेतू शकते. कडाक्याच्या थंडीत घरातच चालावे. भारतभेटीत महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी हवेतील प्राणवायूचा दाब कमी असतो, तेथे नेहमीची मात्राही जड जाऊ शकते.

दूरच्या मुलांसाठी

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील भारतात असतात. त्यांना स्मार्ट घड्याळ पाठवून रोजच्या दहा हजार पावलांचा आग्रह धरणे या विकारात घातक ठरू शकते. 'आई, तू फक्त आराम कर' हा आग्रहही तितकाच अपाय करतो. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेली मात्रा समजून घ्यावी. व्यायामाच्या वेळी घरात कोणी सोबत असेल अशी व्यवस्था करावी. एका साध्या वहीत तारीख, वजन, चाललेली मिनिटे आणि जाणवलेला त्रास लिहून ठेवण्यास सांगावे. पुढच्या तपासणीत डॉक्टरांसमोर ठेवायला ही वही कोणत्याही उपकरणाइतकीच उपयोगी पडते.