मानाचा अनुस्वार

इंग्रजी वाचणाऱ्या माणसास पदाचा मान डोळ्यांनी दिसतो. बालवीरांच्या पथकनायकापासून राष्ट्राच्या अध्यक्षापर्यंत ज्याचा गौरव करावयाचा त्याच्या पदाचे आद्याक्षर मोठे काढले की काम भागते. आमच्या लिपीत ही सोय नाही. मोडी असो वा बाळबोध, शिरोरेघेखाली राजा आणि रयत एकाच उंचीने उभे असतात. त्यामुळे ज्याचा त्याचा मान राखण्यास मराठी लेखणीला आडवाटा शोधाव्या लागल्या, आणि त्यांतल्या दोन वाटा पुण्याच्याच पेठांतून गेलेल्या आहेत.

पहिली वाट पेशव्यांच्या दप्तराची. कारकुनाने कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आधी रेघ ओढावी, मग होईल तितका बोरू न उचलता तिच्याखाली अक्षरे जोडीत जावे. ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही, शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हाचे नाव नाही. अशा अखंड ओघात थोर कोण आणि धाकटा कोण हे ओळखावयाचे ते मायन्यावरून. माथ्यावर ‘श्री’, मग बरोबरीच्या गृहस्थास ‘राजमान्य राजश्री’, वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, खालून वर जाई ती ‘विज्ञापना’, वरून खाली येई तो ‘आशीर्वाद’. पुढे एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने स्वल्पविराम, पूर्णविराम मराठीत रुळले, छापखान्याने शब्द सुटे केले; मोठे अक्षर तेवढे कोणास आणता आले नाही.

दुसरी वाट तरुणांची. १९४१ साली पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि श्रीधर महादेव जोशी दलप्रमुख झाले. जातिभेद व उच्चनीचभाव मोडण्यास निघालेल्या या मंडळींना दप्तरी मायन्याची उतरंड मानवणे शक्यच नव्हते. त्या समाजवादी परिवारात थोरामोठ्यांच्या नावामागे एकच उपपद लागू लागले, ‘साथी’. आणि खुद्द जोशी तर ‘रावसाहेब’ वा ‘राजश्री’ न होता, दोन इंग्रजी आद्याक्षरांचे मिळून साऱ्या महाराष्ट्राचे ‘एसेम’ झाले.

मायना गेला, मग मान कोठे उरला? याचे उत्तर शुद्धलेखनाच्या नियमांत सापडते. जुन्या वळणाच्या माणसाने ‘शाखेंत मुलें आलीं’ असे लिहिले की एवढ्याशा वाक्यावर तीन टिंबे पडत, ज्यांचा उच्चार कोणीच करीत नसे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, तेव्हा ‘शाखेत मुले आली’ एवढेच राहिले आणि तिन्ही टिंबे निकालात निघाली. मात्र अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार त्याच नियमांनी राखला, आणि आदरार्थी बहुवचनासही तो लागू केला. ‘दलप्रमुखाचे भाषण’ म्हटले तर तो कोणीही एक गडी. ‘दलप्रमुखांचे भाषण’ म्हटले की सभा सावरून बसते.

साऱ्यांना साथी म्हणणाऱ्या तरुणासही फलकावर सूचना लिहिताना हे टिंब गाळवत नाही. मायन्याच्या चार ओळींत जे मावत असे, ते आता खडूच्या एका ठिपक्यात मावते. आणि तो ठिपका मात्र शिरोरेघेच्या वर बसतो.