भ्रष्टाचार प्रकरणांतील गुन्हा नोंदणी (भारत)

भ्रष्टाचार प्रकरणांतील गुन्हा नोंदणी म्हणजे भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ खाली लोकसेवकाविरुद्ध गुन्हा दाखल करण्याची व तपास सुरू करण्याची कायदेशीर कार्यपद्धती होय. तक्रारदाराची दाद घेतली जावी आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारीचा उपद्रव होऊ नये, या दोन्ही हेतूंचा मेळ घालण्याचा प्रयत्न या कार्यपद्धतीत दिसतो.

प्रथम खबर आणि प्राथमिक चौकशी

दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवण्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी निर्णय दिला. माहितीवरून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल, तर तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे त्यात ठरले. मात्र काही प्रकारच्या प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी करता येते. भ्रष्टाचाराची प्रकरणे त्यांपैकी एक होत. चौकशीअंती तक्रार निकाली काढल्यास त्या नोंदीची प्रत एका आठवड्यात तक्रारदाराला द्यावी लागते.

अशी चौकशी करण्यास मुभा असली तरी ती अनिवार्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे चौकशी झाली नाही, एवढ्याच कारणावरून गुन्हा रद्द होत नाही.

तपासाचा अधिकार

अधिनियमाच्या कलम १७ मध्ये तपास अधिकाऱ्याचा किमान दर्जा निश्चित केला आहे. केंद्रीय अन्वेषण विभागात तो निरीक्षकाचा, मुंबईसारख्या महानगर क्षेत्रात सहायक पोलीस आयुक्ताचा आणि अन्यत्र पोलीस उपअधीक्षकाचा आहे. राज्य शासन निरीक्षकालाही प्राधिकृत करू शकते. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करतो. केंद्रीय अन्वेषण विभागाला राज्यात तपास करण्यासाठी सामान्यतः राज्य शासनाची संमती लागते. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये ही सर्वसाधारण संमती मागे घेतली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा दिली.

कलम १७अ : पूर्वमान्यता

२६ जुलै २०१८ रोजी लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १७अ समाविष्ट झाले. लोकसेवकाने पदीय कर्तव्य बजावताना केलेल्या शिफारशीशी किंवा घेतलेल्या निर्णयाशी आरोप संबंधित असेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेविना पोलिसांना चौकशी अथवा तपास करता येत नाही. हा निर्णय ३ महिन्यांत कळवावा लागतो. लेखी कारणे नोंदवून ही मुदत १ महिन्याने वाढवता येते. लाच घेताना किंवा घेण्याचा प्रयत्न करताना जागीच अटक झालेल्या प्रकरणांना, म्हणजे सापळा प्रकरणांना, ही अट लागू नाही.

ही पूर्वमान्यता कलम १९ मधील मंजुरीपेक्षा वेगळी आहे. पहिली चौकशीपूर्वी लागते, तर दुसरी न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्यापूर्वी.

वाद

वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या चौकशीसाठी शासनाची परवानगी आवश्यक करणारा 'एकल निर्देश' सर्वोच्च न्यायालयाने विनीत नारायण खटल्यात १९९७ मध्ये रद्द केला होता. २००३ मध्ये कायद्याद्वारे आणलेले तत्सम कलम ६अ घटनापीठाने २०१४ मध्ये समानतेच्या तत्त्वाचा भंग करणारे म्हणून रद्द ठरवले. कलम १७अ मात्र पदाच्या श्रेणीनुसार भेद करत नाही. धाडसी प्रशासकीय निर्णयांना संरक्षण मिळते, असे समर्थक म्हणतात. ज्या शासनाच्या निर्णयावर आक्षेप आहे त्याच्याच हाती चौकशीची किल्ली राहते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे.