गाठोडे सुटत का नाही? मॉड, झिप आणि चाळीस वर्षांपूर्वीचे काही निर्णय

१/ एखाद्या खेळाचा मॉड उतरवून घेतला, झिप फाईल सोडवली, सांगितलेल्या फोल्डरमध्ये सारे नीट ठेवले. तरी खेळ सुरू केल्यावर काहीच बदललेले दिसत नाही. मित्राच्या विंडोजवर तोच मॉड निमूट चालतो, तुमच्या मॅकवर किंवा लिनक्सवर मात्र हटून बसतो. अशा वेळी बहुतेक जण स्वतःच्या अज्ञानाला बोल लावतात. वस्तुतः यातील जवळजवळ प्रत्येक अडचणीला जन्मवर्ष आहे, आणि काहींना तर न्यायालयीन खटलाही आहे. या धाग्यात त्या जन्मकथा पाहू, आणि जाता जाता उपायही.

२/ आरंभ खेळापासून करू. १९९२ साली आयडी सॉफ्टवेअरचा 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' आला, तेव्हा हौशी खेळाडूंनी त्यातील चित्रे आणि आवाज बदलायला सुरुवात केली. परंतु त्यासाठी खेळाच्या मूळ फाईलींवरच नवे लिहावे लागे. बदल फसला, तर खेळ पुन्हा बसवण्यावाचून गत्यंतर नसे. जॉन कारमॅक या प्रोग्रॅमरने हा प्रकार पाहिला आणि पुढच्या खेळात इंजिन आणि सामग्री यांची फारकत केली.

३/ तो खेळ म्हणजे १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झालेला 'डूम'. त्यातील नकाशे, चित्रे आणि ध्वनी 'वॅड' नावाच्या स्वतंत्र फाईलमध्ये होते. खेळाडूने स्वतःची छोटी वॅड फाईल तयार करावी, खेळ सुरू करताना तिचे नाव आज्ञेत द्यावे, आणि खेळाने मूळ सामग्रीऐवजी ती वापरावी, अशी योजना होती. मूळ फाईलला धक्का लागत नसे. आज मॉड बसवण्याची जी साधने मूळ फोल्डर न बदलता वरून थर चढवतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे. म्हणून पहिला उपाय तेव्हाचाच: मूळ फाईलवर नवी फाईल टाकण्यापूर्वी तिची प्रत बाजूला काढून ठेवा.

४/ आता गाठोड्याकडे वळू. ऐंशीच्या दशकात फाईलींची देवाणघेवाण टेलिफोनच्या तारेवरून, 'बुलेटिन बोर्ड' म्हटल्या जाणाऱ्या हौशी केंद्रांमार्फत चाले. सेकंदाला २,४०० बिट पाठवणाऱ्या मोडेमवर १.४४ मेगाबाइटची एक फ्लॉपी उतरवायला दीड तासाहून अधिक वेळ लागे, आणि फोनचे बिल वेगळे. त्यामुळे अनेक फाईली एकत्र बांधून दाबून लहान करणारा प्रोग्रॅम ही चैन नव्हती, गरज होती. ही गरज प्रथम भागवली 'आर्क'ने. न्यू जर्सीतील सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स, म्हणजे 'सी', या चिमुकल्या कंपनीचे थॉम हेंडरसन यांनी तो १९८५ मध्ये लिहिला, आणि त्याचा मूळ कोडही लोकांना उपलब्ध करून दिला.

५/ विस्कॉन्सिनमधील मिल्वॉकीचा फिल कॅट्झ हा तरुण प्रोग्रॅमर येथे कथेत येतो. त्याने आर्कचेच काम करणारा 'पीकेआर्क' लिहिला. महत्त्वाचे भाग असेंब्ली भाषेत असल्याने तो मूळ प्रोग्रॅमपेक्षा कितीतरी वेगवान होता. बुलेटिन बोर्डांनी तो डोक्यावर घेतला. १९८८ मध्ये 'सी'ने कॅट्झच्या कंपनीवर स्वामित्वहक्काचा आणि व्यापारचिन्हाचा दावा लावला. तपासणीत कॅट्झच्या कोडमध्ये मूळ कोडमधील टिपा, त्यांतील स्पेलिंगच्या चुकांसह, आढळल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि कॅट्झला पैसे मोजावे लागले.

६/ कायद्याने कॅट्झ हरला. जनमताच्या न्यायालयात मात्र तो जिंकला. मोठ्या कंपनीने एकट्या तरुणाला चिरडले, असे चित्र बुलेटिन बोर्डांवर उभे राहिले आणि लोकांनी आर्कवर बहिष्कार टाकला. माझ्या मते हे चित्र अन्यायाचे होते. 'सी' ही काही बलाढ्य कंपनी नव्हती, घरगुती म्हणावी इतकी लहान होती. आणि कोड उघडा ठेवण्याचे औदार्य तिनेच दाखवले होते. पण इतिहासात कोण बरोबर होते यापेक्षा कोणाच्या बाजूने गर्दी होती, यावरून वाट ठरल्याची उदाहरणे कमी नाहीत.

७/ १९८९ मध्ये कॅट्झने नवे स्वरूप आणले: झिप. या वेळी त्याने एक दूरगामी गोष्ट केली. झिप फाईलची अंतर्रचना सविस्तर लिहून त्याने ती सर्वांना खुली करून टाकली. कोणीही झिप बांधणारा वा सोडवणारा प्रोग्रॅम लिहावा, परवानगी मागण्याची गरज नाही. १९९३ मध्ये त्यात 'डिफ्लेट' ही संक्षेपणाची पद्धत आली. तिचा पाया इस्रायलच्या लेंपेल आणि झिव यांचा १९७७ चा सिद्धान्त आणि डेव्हिड हफमनची १९५२ ची संकेतपद्धती. पीएनजी चित्रांतही तीच डिफ्लेट आहे. 'क्वेक थ्री'च्या पीके-थ्री फाईली, अँड्रॉइडचे एपीके आणि जावाचे जार ही सारी आतून झिपच.

८/ कॅट्झ स्वतः मात्र या यशाचा धनी फार काळ राहिला नाही. दारूच्या व्यसनात तो बुडत गेला, आणि १४ एप्रिल २००० रोजी मिल्वॉकीतील एका हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. वय ३७. जगातल्या जवळपास प्रत्येक झिप फाईलची पहिली दोन अक्षरे आजही 'पी' आणि 'के' आहेत. ती त्याच्या नावाची आद्याक्षरे.

९/ ही दोन अक्षरे उपयोगाचीही आहेत. न उघडणारी फाईल साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहा. आरंभी पीके नसून वेबपानाचा कोड दिसला, तर तुम्ही मॉड उतरवलाच नाही; त्याच्या जागी एखादे सूचनापान जतन झाले आहे. आरंभी 'रार' आणि उद्गारचिन्ह असेल, तर ती रशियाच्या यूजीन रोशालने १९९३ मध्ये आणलेली रार फाईल आहे, आणि नावाचा शेवट झिप असा बदलून ती झिप होत नाही. २०१३ मध्ये रारचे नवे स्वरूप आले, ते जुन्या प्रोग्रॅमना वाचता येत नाही. शिवाय रार सोडवायला मुभा असली, तरी बांधण्याची पद्धत रोशालने राखून ठेवली आहे. कॅट्झचा निर्णय किती वेगळा होता, ते येथे कळते.

१०/ झिपची आणखी एक खोड आहे. तिची मुख्य सूची फाईलच्या अखेरीस असते, पुस्तकातल्या सूचीप्रमाणे. फ्लॉपींच्या काळात त्यात सोय होती: सारे गाठोडे पुन्हा न लिहिता नवी फाईल जोडता येई, आणि एक गाठोडे अनेक फ्लॉपींवर पसरता येई. आज त्याचा परिणाम असा की उतरवताना जोडणी तुटली, तर ९९ टक्के फाईल हाती असूनही सूचीच गायब असते आणि सोडवणारा प्रोग्रॅम 'शेवट सापडत नाही' अशी तक्रार करतो. अशा वेळी प्रोग्रॅम बदलण्यात वेळ न दवडता फाईल पुन्हा उतरवावी आणि तिचा आकार ताडून पाहावा.

११/ गाठोडे सुटले. आता ऑपरेटिंग सिस्टीमचा फेरा. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. '/' ही रेघ आज्ञांचे पर्याय लिहिण्यासाठी वापरली जाई. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा युनिक्समध्ये मार्ग लिहिण्यासाठी रूढ असलेली तीच रेघ येथे आधीच गुंतलेली होती. म्हणून उलटी रेघ '\' निवडली गेली. झिपच्या नियमांनुसार आत '/' च हवी. पण मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या ४.६.१ पूर्वीच्या आवृत्त्या झिप बांधताना '\' लिहीत. अशी झिप मॅकवर किंवा लिनक्सवर सोडवली, तर फोल्डर तयार न होता नावातच उलट्या रेघा असलेल्या लांबलचक फाईलींचा ढीग पडू शकतो. फाईल बिघडलेली नसते. दुसऱ्या साधनाने सोडवली किंवा नावे दुरुस्त केली की काम होते.

१२/ लिनक्सवरील सर्वात फसवी अडचण लहान-मोठ्या रोमन अक्षरांची. युनिक्सच्या कर्त्यांच्या दृष्टीने फाईलचे नाव म्हणजे केवळ बाइटांची ओळ. मोठा 'डी' आणि छोटा 'डी' ही भिन्न चिन्हे. डॉसने सारी नावे मोठ्या अक्षरांत ठेवली, विंडोजने अक्षरे जपली तरी शोधताना भेद मानला नाही, आणि मॅकही मुळात तसाच. त्यामुळे विंडोजवरचा मॉडकर्ता 'डेटा' हा फोल्डर कधी मोठ्या, कधी लहान अक्षराने लिहितो आणि त्याला काही जाणवत नाही. लिनक्सवर मात्र दोन वेगळे फोल्डर शेजारी शेजारी तयार होतात आणि खेळ त्यांतला एकच वाचतो. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवू पाहणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या पाठबळाने अखेर २०१९ मध्ये, लिनक्सच्या ५.२ या आवृत्तीत, एक्स्ट-फोर या फाईलप्रणालीला निवडक फोल्डरांपुरता हा भेद न मानण्याची सोय मिळाली. ती चालू नसेल, तर दोन्ही फोल्डरांतील सामग्री हाताने एका नावाखाली आणणे हाच उपाय.

१३/ मॅकचा घोळ वेगळा. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फाईलला दोन अंगे असत: एक मजकुराचे, दुसरे चित्रचिन्हे, मेनू वगैरे साधनांचे. इतर संगणकांना दुसरे अंग ठाऊकच नव्हते. त्या वारशातून मॅकवर बांधलेल्या झिपमध्ये आजही 'मॅकओएसएक्स' नावाचा जादा फोल्डर आणि टिंब-अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या फाईली निघतात. काही खेळ त्यांनाच मॉड समजून अडखळतात. त्या निःशंक काढून टाकाव्यात.

१४/ याहून घातक म्हणजे फोल्डर बदलण्याची रीत. विंडोजवर एकाच नावाचा फोल्डर दुसऱ्यावर टाकला, की दोहोंतील फाईली एकत्र होतात. मॅकवर 'रिप्लेस' म्हटले, की जुना फोल्डर जातो आणि त्याच्या जागी नवा बसतो. विंडोजसाठी लिहिलेली 'फोल्डर ओढून टाका, होय म्हणा' ही सूचना मॅकवर पाळणाऱ्यांनी खेळाची सारी सामग्री पुसून टाकली, ती याच कारणाने. ऑप्शन कळ दाबून फोल्डर ओढल्यास एकत्रीकरणाचा पर्याय मिळतो.

१५/ विंडोजही निर्दोष नाही. मार्गाची एकूण लांबी २६० अक्षरांपुरती, ही जुनी मर्यादा अनेक प्रोग्रॅम अजून पाळतात. फोल्डरात फोल्डर असलेला मॉड त्यामुळे अर्धवटच सुटतो. सी ड्राइव्हवर अगदी छोट्या नावाच्या फोल्डरात तो सोडवावा. २००७ मध्ये व्हिस्टा आले, तेव्हा 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहू पाहणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांच्या फाईली गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या दुसऱ्याच जागी वळवल्या जाऊ लागल्या. हेतू सुरक्षेचा होता. पण जुन्या खेळाची बदललेली सेटिंग्ज एकीकडे आणि आपण शोधतो दुसरीकडे, अशी गंमत आजही घडते. असे खेळ त्या फोल्डरबाहेर बसवलेले बरे.

१६/ या साऱ्या गोष्टी एकत्र पाहायच्या, तर 'माइनक्राफ्ट'चा २०१३ पूर्वीचा काळ पाहावा. तेव्हा मॉड बसवणे म्हणजे खेळाची जार फाईल झिपसारखी उघडून आत नव्या फाईली टाकणे, आणि 'मेटा-इन्फ' हा फोल्डर काढून टाकणे. त्यात मूळ फाईलींच्या स्वाक्षऱ्या असत. तो राहिला, तर जावाला फाईलींशी छेडछाड झाल्याचे कळे आणि खेळाडूला केवळ काळा पडदा दिसे. किती मुलांनी त्या काळ्या पडद्यासमोर रात्री घालवल्या असतील! त्यात फोल्डर सापडणेच कठीण. २०११ च्या मॅकप्रणालीने 'लायब्ररी' फोल्डर लपवला होता. लिनक्सवर नावाआधी टिंब असल्याने तो दिसतच नसे. आणि टिंबाची ही प्रथा, रॉब पाइक यांच्या सांगण्यानुसार, आरंभीच्या युनिक्समधील एका आळशी तपासणीतून अजाणता जन्मली होती.

१७/ शेवटी आपल्या लिपीविषयी. मूळ झिपमध्ये फाईलींची नावे आयबीएम पीसीच्या २५६ चिन्हांच्या संचात लिहिण्याचा संकेत होता. त्यात ग्रीक अक्षरे होती, चौकटी काढण्याच्या रेघा होत्या, देवनागरी नव्हती. युनिकोड नावांसाठी अधिकृत खूण झिपच्या नियमांत आली ती २००६ मध्ये. ती खूण न लावणाऱ्या साधनाने मराठी नावाची फाईल बांधली, तर दुसऱ्या संगणकावर 'नकाशा' या नावाच्या जागी रेघा आणि ग्रीक अक्षरांची खिचडी उमटते, आणि खेळाला ती फाईल सापडत नाही. सेव्हन-झिपसारख्या साधनात नावे युटीएफ-८ मध्ये लिहिण्याचा पर्याय निवडता येतो. तोवर मराठी मॉडकर्ते खेळाच्या आत देवनागरी लिहितात, आणि फाईलीचे नाव मात्र रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवतात.