झटक्याचं कूळ

मानसोपचारातला ‘शॉक’ विजेच्या घराण्यातला नाही. त्याचा मूळपुरुष कापूर.

बुडापेस्टचा डॉक्टर लादिस्लास मेदुना मृत रुग्णांच्या मेंदूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. अपस्माराच्या रुग्णांत ग्लिया पेशी भरपूर आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत कमी, असं त्याला दिसलं. म्हणजे हे दोन आजार एकमेकांचे वैरी, एक आणला की दुसरा पळेल, असा त्यानं हिशेब मांडला. जानेवारी 1934 मध्ये त्यानं एका रुग्णाला तेलातल्या कापराचं इंजेक्शन देऊन मुद्दाम आकडी आणली. वैराचा सिद्धान्त पुढे कोसळला, पण आकडीनंतर काही रुग्ण सुधारतात हे निरीक्षण उरलं. चुकीच्या तर्कातून इतकं टिकाऊ काही हाती लागल्याची उदाहरणं वैद्यकातही फार नसावीत.

कापराचं इंजेक्शन दुखायचं आणि आकडी कधी येईल याचा भरवसा नसायचा. म्हणून मेदुना कार्डियाझोल या औषधाकडे वळला. ते शिरेतून गेलं की लगेच काम करी. मात्र आकडी येण्याआधीच्या काही क्षणांत रुग्णाला मृत्यूची अशी भीती वाटे की पुढच्या इंजेक्शनला तो जिवाच्या आकांतानं विरोध करी.

इथे उगो चेर्लेत्ती येतो. पहिल्या महायुद्धात बर्फात दिसू नयेत म्हणून आल्प्समधल्या सैनिकांना पांढरे कपडे सुचवणारा हा कल्पक इटालियन डॉक्टर. अपस्मारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस कडक होतो तो आकडीमुळे की आकडीआधीच, हे शोधण्यासाठी जेनोआत तो कुत्र्यांना विजेनं आकडी आणत असे. विजेचं एक अग्र तोंडात, दुसरं गुदद्वारात. प्रवाह हृदयातून जाई आणि बरीच कुत्री मरत. कार्डियाझोलऐवजी हीच वीज माणसावर वापरायची कशी?

रोमच्या कत्तलखान्यात डुकरं विजेनं मारतात असं त्याच्या कानावर आलं, तेव्हा तो स्वतः पाहायला गेला. वीज डुकराला मारतच नव्हती. डोक्याच्या दोन बाजूंना चिमटा लावला की ते आकडी येऊन बेशुद्ध पडे आणि खाटीक तेवढ्यात गळा चिरी. चिरला नाही तर थोड्या वेळानं डुक्कर उठून चालू लागे. अग्रं डोक्यालाच लावायची, हे तिथे पक्कं झालं. यंत्र त्याचा सहकारी लुचो बिनी यानं बनवलं.

एप्रिल 1938 मध्ये पहिला रुग्ण आला, रोमच्या रेल्वे स्टेशनवर भ्रमिष्टासारखा भटकताना पोलिसांना सापडलेला. पहिला झटका कमी पडला. चेर्लेत्तीनं नंतर लिहिलेल्या हकिकतीनुसार, तोवर असंबद्ध बडबडणारा तो माणूस एकदम स्पष्ट बोलला : आता पुन्हा नको. चेर्लेत्तीनं तरी पुढचा झटका दिला. माणूस सुधारला हे खरं, पण त्यानं नकार दिला होता हेही तितकंच खरं. या उपचाराची बदनामी फक्त सिनेमांनी केली असं म्हणणाऱ्यांनी ही हकिकत वाचावी.

सुरुवातीला भूल नसे. आकडीत हाडं मोडत. स्नायू शिथिल करणारी औषधं आणि भूल आल्यावर ते थांबलं. भारतात 2017 च्या कायद्यानं या दोन्हींशिवाय शॉक देण्यावर बंदी घातली. दरम्यान या उपचाराचं बस्तान स्किझोफ्रेनियापेक्षा तीव्र डिप्रेशनमध्ये जास्त बसलं.

तो का लागू पडतो, हे मात्र कुणाला सांगता येईना. 1995 मध्ये भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवलं की माणूस स्कॅनरमध्ये नुसता पडून असतानाही मेंदूच्या डाव्या-उजव्या हालचाल-केंद्रांतले संथ चढउतार जोडीनं होतात. मेंदूचे भाग एकमेकांशी किती बांधलेले आहेत हे मोजायची वाट त्यातून निघाली. त्या वाटेनं 2012 मध्ये ॲबर्डीनच्या गटानं तीव्र डिप्रेशनच्या 9 रुग्णांचे शॉकआधी आणि नंतर स्कॅन केले. अपेक्षा अशी करावी की आजारात तारा तुटल्या असतील आणि विजेनं त्या जुळल्या असतील. निघालं उलटं. कपाळामागच्या डाव्या भागाचे दुवे उपचारानंतर सैल झाले होते, आणि त्यासोबत लक्षणंही उतरली होती. म्हणजे मनःस्थितीचे आणि विचाराचे भाग आजारात गरजेपेक्षा जास्त जखडलेले असावेत, असा त्या गटाचा कयास.

रुग्ण 9 म्हणजे फार थोडे. नंतरच्या अभ्यासांत काही भागांतले दुवे सैल, तर काहींतले घट्ट झालेले दिसले. उपचारानंतर हिप्पोकॅम्पसचा आकार वाढतो हे बऱ्याच जणांना आढळलं, पण ज्याचा जास्त वाढला तो जास्त बरा झाला, असं मोठ्या पाहणीत दिसलं नाही. शॉक किती द्यायचे हे डॉक्टर आजही रुग्णाकडे पाहूनच ठरवतात. तो जेवू लागला का, झोपतो का, आणि काय विसरतो आहे.