परकीय चलन, प्रवाशाचे (पनवेल परिसर)

परदेशी निघालेला प्रवासी रुपये मोजून जे चलन विकत घेतो आणि परतल्यावर उरलेले विकून टाकतो, त्याला प्रवाशाचे परकीय चलन म्हणतात. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात त्याची गरज जुनी आहे. आखातात नोकरीला गेलेली कोकणी कुटुंबे, जहाजावर काम करणारे खलाशी आणि अधिकारी, हज-उमराचे यात्रेकरू, मुलांकडे अमेरिकेत जाणारे आईवडील आणि अलीकडे दुबई-थायलंडच्या सहलीला निघालेली खारघर-कामोठ्याची मंडळी असे त्याचे गिऱ्हाईक आहे. तालुक्यातच उभ्या राहिलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली.

बातम्यांत सांगितला जाणारा डॉलरचा दर हा बँका एकमेकींशी मोठ्या रकमांचे जे व्यवहार करतात त्यांचा असतो. त्यावर आधारलेला संदर्भदर पूर्वी रिझर्व्ह बँक जाहीर करी. जुलै २०१८ पासून एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या प्रत्येक दिवशी तो प्रसिद्ध करते. प्रवाशाला हा दर सहसा मिळत नाही. मनी चेंजर त्याच्या वर आपला विक्रीदर आणि खाली खरेदीदर ठेवतो. या दोहोंतला फरक ही त्याची मिळकत. फलकावरचे ‘विक्री’ आणि ‘खरेदी’ हे शब्द दुकानदाराच्या बाजूने वाचायचे असतात. आपण डॉलर घ्यायला गेलो की त्याचा विक्रीदर आपल्याला लागू होतो. ‘कमिशन नाही’ असे लिहिलेल्या ठिकाणी ती रक्कम बहुधा दरातच मिसळलेली असते. म्हणून नुसता दर विचारण्यात फारसा अर्थ नाही. ‘अमुक डॉलर हातात पडण्यासाठी सगळे धरून किती रुपये द्यायचे?’ हाच खरा प्रश्न.

समजा, मधला दर ९० रुपये आहे. एक जण ९१ रुपयांनी डॉलर देतो, वर काही घेत नाही. दुसरा ९०.४० सांगतो, पण सेवाशुल्क ६०० रुपये लावतो. हजार डॉलरना दोघांकडे सारखेच ९१,००० रुपये पडतात. पाचशे डॉलर घेतले तर पहिल्याकडे ४५,५०० आणि दुसऱ्याकडे ४५,८०० होतात. ठरीव शुल्क लहान रकमेला जड जाते. मोठ्या रकमेला मात्र दरातले पैसे-दोन पैसेही जाणवतात. जीएसटी दोन्हीकडे लागतो, पण पूर्ण रकमेवर नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का (किमान २५० रुपये) हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर बसतो. ४५,५०० रुपयांच्या खरेदीवर तो ८१ रुपये ९० पैसे होतो. कोणी याहून बराच मोठा ‘टॅक्स’ सांगू लागला, तर त्याच्याकडून लेखी हिशोब मागावा.

आखाती चलनांचा दर पडताळणे सर्वांत सोपे, आणि ही गोष्ट पनवेलच्या प्रत्येक आखाती कुटुंबाला ठाऊक असायला हवी. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे. सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ वर आहे, तर ओमानी रियाल ०.३८४५ वर. म्हणजे डॉलरचा भाव कळला की बाकीचे भागाकाराने निघतात: ९० रुपये डॉलर असताना दिरहम साधारण २४.५१, सौदी रियाल २४ आणि ओमानी रियाल सुमारे २३४ रुपये. चेंजरने दिरहम २५.५० सांगितला तर तो चार टक्क्यांहून अधिक घेतो आहे, हे तिथल्या तिथे उमगते. कुवेती दिनार मात्र अनेक चलनांच्या टोपलीला बांधलेला असल्याने त्याला हा सरळ हिशोब लागू पडत नाही.

आखाताशी रुपयाचे नाते एके काळी याहून जवळचे होते. कुवेत, बहारीन, कतार, ओमान आणि आजच्या अमिरातीत भारतीय रुपयाच चाले. त्या आडून सोन्याची चोरटी आयात वाढली, तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या आणि क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर असलेल्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचे दिनार आणले. ६ जून १९६६ रोजी भारताने अवमूल्यन केले, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, आणि कतार व अमिरातींनीही रुपया सोडला. ओमानात तो १९७० पर्यंत टिकला. पुढे सत्तरच्या दशकात साध्या प्रवाशाला देशाबाहेर जाताना जेमतेम ८ डॉलर मिळत. आज निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता किंवा पाठवता येते. ही मर्यादा २०१५ पासूनची आहे.

चलन घ्यायचे ते रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेकडून किंवा मनी चेंजरकडूनच. पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि लागत असल्यास व्हिसा दाखवावा लागतो. ५०,००० रुपयांपर्यंत रोख चालते. त्यापुढे पैसे खात्यातून द्यावे लागतात. एका प्रवासात बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, बाकीची रक्कम फॉरेक्स कार्डासारख्या, म्हणजे परकीय चलन आधी भरून ठेवलेल्या कार्डासारख्या साधनावर घ्यावी लागते. सुट्टीवर आलेल्या नातेवाइकाकडचे दिरहम आपसांत विकत घेण्याची रीत कोकणात रुळलेली असली तरी ती कायद्यात बसत नाही. फेमा या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम १३ खाली व्यवहाराच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी एवढी जोखीम घेणे शहाणपणाचे नाही.

पनवेलकराची एक सोय आहे. वाशी आणि मुंबईतला फोर्ट हे दोन्ही बाजार हार्बर लोकलने एकाच गाडीत गाठता येतात. गावातल्या दोन-तीन ठिकाणी आणि या दोन बाजारांत एकाच सकाळी फोन करून दर विचारले तर खरा भाव कळतो. दर दिवसभर हलतो, म्हणून कालच्या दराची आजच्याशी तुलना करू नये. सर्वांत महाग दर सहसा विमानतळावरच्या खिडकीवर मिळतो. तिथले भाडे जबर असते आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला सवड नसते. काही चेंजर ऑनलाइन आगाऊ नोंदणी करणाऱ्याला त्याच खिडकीवर स्वस्त दर देतात. मोठी रक्कम लागणाऱ्याने क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या एफएक्स-रिटेल मंचाविषयी आपल्या बँकेत विचारावे. बँकांच्या आपसांतल्या दराच्या जवळ सामान्य ग्राहकाला पोचवणे हाच त्याचा हेतू आहे.

फॉरेक्स कार्डात पैसे भरले त्या दिवशीचा दर पक्का होतो, मात्र कार्डावर नसलेल्या चलनात खर्च केला की वेगळे शुल्क लागते. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला अनेक बँका ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर जीएसटी लावतात, म्हणजे जवळपास ४.१३ टक्के. मार्कअप न घेणारी कार्डेही आहेत. प्रवासाच्या खर्चासाठी वर्षाला १० लाख रुपयांपुढे रक्कम नेल्यास वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच घेतला जाणारा कर, लागतो. हा दराचा भाग नव्हे. तो प्राप्तिकरात वळता होतो. टूर कंपनीच्या पॅकेजला वेगळे नियम आहेत.

परदेशी दुकानात किंवा एटीएमवर कार्ड घातले की ‘रुपयांत द्यायचे का?’ असे विचारले जाते. आपलेपणाने ‘हो’ म्हणणाऱ्याच्या माथी त्या यंत्राच्या मालकाने ठरवलेला दर बसतो, आणि तो बहुधा कित्येक टक्क्यांनी महाग असतो. उत्तर नेहमी स्थानिक चलन हेच द्यावे. थायलंडच्या एटीएमवर दर वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क पडते, म्हणून तिथे थोडे-थोडे काढण्याऐवजी एकदाच जास्त काढावे. बँकॉकच्या चेंजरकडे १०० डॉलरच्या कोऱ्या नोटेला लहान नोटांपेक्षा चांगला भाव मिळतो. मळक्या, लिहिलेल्या किंवा फाटक्या नोटा नाकारल्या जातात. पनवेलहून निघतानाच नोटा पारखून घ्याव्यात. नेपाळात १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून ठरलेला आहे आणि भूतानचा न्गुलट्रम रुपयाच्या बरोबरीचा आहे, त्यामुळे तिकडे जाणाऱ्याला दराची फारशी चिंता नाही.

परतल्यावर उरलेल्या नोटा १८० दिवसांत विकाव्या लागतात. २,००० डॉलरपर्यंतच्या पुढच्या प्रवासासाठी ठेवता येतात. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने त्या ठेवलेल्या बऱ्या, कारण विकून पुन्हा घेण्यात फरकाचा भुर्दंड दोनदा बसतो. नाणी चेंजर सहसा घेत नाहीत, ती तिकडेच खर्च करून यावीत. भरपूर डॉलर घेऊन उतरणाऱ्या खलाशाने नोटा ५,००० डॉलरपेक्षा अधिक असतील, किंवा सर्व प्रकारचे परकीय चलन मिळून १०,००० डॉलरपेक्षा अधिक असेल, तर विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे सीडीएफ हा चलन-घोषणेचा अर्ज भरून त्याची शिक्क्याची प्रत जपून ठेवावी. पुढे बँकेत ते डॉलर भरताना हीच प्रत मागितली जाते.