जमशेदपूर : कंपनीचे कल्याणकार्य आणि नागरिकत्वाचा प्रश्न

जमशेदपूर येथील पोलादाच्या कारखान्यासंबंधी जे लेखन झाले आहे त्यात एक कालपट पुनःपुन्हा आढळतो. आठ तासांचा कामाचा दिवस १९१२ साली. मोफत औषधोपचार १९१५ साली. कल्याणखाते व कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाची सोय १९१७ साली. भरपगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि अपघाताबद्दल नुकसानभरपाई १९२० साली. बाळंतपणाची मदत १९२८ साली. नफ्यातील वाटा १९३४ साली. आणि सेवानिवृत्तीचे उपदान १९३७ साली. या सालांसमोर देशाच्या कायद्यांची साले मांडली म्हणजे कंपनी किती पुढे होती ते सहज ध्यानात येते. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, आठ तासांचा दिवस १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचा, भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा आणि उपदानाचा तर १९७२ चा. ज्या अमेरिकन तज्ज्ञांच्या सल्ल्याने हा कारखाना उभा राहिला त्यांच्या देशातील पोलादाच्या भट्ट्यांवरही बारा तासांची पाळी १९२३ पर्यंत चालू होती.

हा कालपट खरा आहे आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यावरून सामान्यतः जो निष्कर्ष काढला जातो, की जमशेदपूरचे लोककल्याण हे एका उदार संस्थापकाच्या दृष्टीचे फळ होय, तो इतिहासाच्या दृष्टीने अपुरा ठरतो. सुधारणा नेमक्या त्या त्या साली का झाल्या, आणि ज्या 'स्थानिक समाजा'साठी त्या झाल्या त्यात कोणाची गणना होत होती, हे त्या कोष्टकावरून समजत नाही.

या कार्याचा उगम शोधावयाचा तर सिंहभूमच्या जंगलात जाण्यापूर्वी नागपुरास यावे लागते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. नागपूरचा मजूर हा शेतीशी बांधलेला. सण, लग्नकार्य किंवा पेरणी आली की गिरणीकडे पाठ फिरवणारा. गैरहजेरीने चात्या थांबत. दंड करून हे साधणार नाही, हे जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी ओळखले. हजेरीबद्दल बक्षिसे, १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी, १८९५ साली अपघाताच्या भरपाईची योजना अशी पावले पडली, ती या अनुभवातून. भूतदया आणि हिशेब यांची येथे फारकत करता येत नाही. तशी ती करण्याचा आग्रह दोन्ही बाजूंच्या लेखकांनी धरला आहे, हे दुर्दैव.

हाच हिशेब साकची येथे अधिक निकडीचा झाला. मुंबईच्या गिरणीमालकाला शहर वसवावे लागले नाही. मजूर जॉबर आणून देई, चाळ खाजगी घरमालक बांधी, पाणी नगरपालिका पुरवी आणि १८९८ नंतर रस्ते व वस्तीसुधारणा पाहावयास इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट होता. गिरणगावातील दाटी व रोगराई यांचा भार अशा रीतीने मालकाच्या खतावणीबाहेर राहिला. सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ यांपैकी काहीच नव्हते. मुंबईत १९०७ साली सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंडांचे भाग घेऊन कंपनी उभी केली. पण त्या भांडवलाने विकत घेता येईल असे शहर कालीमाती स्थानकापाशी नव्हते. पाणी, गटारे, दवाखाना, घरे ही भट्टीइतकीच कारखान्याची यंत्रसामग्री होती. दूरदेशीचा कुशल कारागीर टिकवावयाचा तर ती उभारणे भागच होते. जमशेटजींनी आपल्या पुत्रास, दोराबजींस, १९०२ साली लिहिलेल्या पत्रात रुंद रस्ते, सावलीची झाडे, क्रीडांगणे आणि सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांसाठी जागा यांची सूचना केली होती. ते पत्र प्रसिद्ध आहे. ती सूचना अमलात आली याचे कारण पत्रात जितके आहे तितकेच त्या ओसाडीत आहे.

ओसाडी हा शब्द मात्र जपून वापरला पाहिजे. साकची, सोनारी, कदमा, बिष्टुपूर ही गावे होती. त्यांत संथाळ, हो, भूमिज आणि महतो कुळे शेती करीत होती. छोटा नागपूरच्या आदिवासींची जमीन परक्यांच्या हाती जाऊ नये म्हणून सरकारने १९०८ साली कुळकायदा केला. त्याच सुमारास १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यान्वये कंपनीसाठी जमीन घेण्यात येत होती. त्या कायद्याच्या सातव्या भागात कंपन्यांसाठी जमीन घेण्याची तरतूद होती. अट एवढीच की, ते काम सार्वजनिक उपयोगाचे असावे. एका कायद्याने जे कुंपण घातले त्यात दुसऱ्या कायद्याने दार ठेवले. महाराष्ट्रातील वाचकाला येथे मुळशी आठवल्यावाचून राहणार नाही. टाटांच्याच वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला आणि सेनापती बापटांनी तो १९२४ पर्यंत लढविला. तेथेही शस्त्र तेच, भूमिसंपादनाचे. मुळशीचा मावळा धरणाखाली गेलेल्या जमिनीसाठी लढला आणि वीज मुंबईस गेली. साकचीचा आदिवासी मात्र नव्या नगरातच राहिला, पण अकुशल मजूर म्हणून. स्त्रिया 'रेजा' म्हणून ओझी वाहू लागल्या. जो मूळचा स्थानिक, तो नगराच्या सर्वांत खालच्या पायरीवर आला, आणि 'स्थानिक समाज' या संज्ञेत प्रामुख्याने बाहेरून आलेल्या कामगारांचा समावेश झाला.

नगररचनेत ही पायरी स्पष्ट दिसे. पिट्सबर्गच्या ज्यूलियन केनेडी यांचा पहिला आराखडा, पुढे १९२० च्या सुमारास एफ. सी. टेंपल यांचा, १९३६ मध्ये स्टोक्स यांचा आणि १९४० नंतरच्या दशकात ओटो केनिग्सबर्गर यांचा, असे चार आराखडे झाले. टेंपल हे सार्वजनिक आरोग्याचे अभियंते. जमिनीचा उतार व पाण्याचा निचरा यांचा त्यांनी केलेला विचार त्या काळच्या मानाने उल्लेखनीय आहे. तथापि प्रत्येक नवा आराखडा आधीच्या आराखड्यात न मावलेल्या माणसांसाठी करावा लागला, ही बाब अधिक बोलकी आहे. कामगारांची संख्या नेहमीच घरांच्या पुढे धावली. जे उरले त्यांनी स्वतः झोपड्या व मातीची घरे बांधली. यांनाच तिकडे 'बस्ती' म्हणतात. रेल्वेमार्गापलीकडील जुगसलाई ही व्यापारी वस्ती तर कंपनीच्या हद्दीबाहेर वाढली आणि तिची नगरपालिका वेगळी झाली. नळ, दिवा आणि सफाई यांचा नकाशा कंपनीच्या सीमारेषेशी जुळत गेला.

आता संपांची साले पाहावीत. पहिला मोठा संप फेब्रुवारी-मार्च १९२० मध्ये झाला; त्यात गोळीबार होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी जमशेदपूर लेबर असोसिएशन निघाली. भरपगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी व नुकसानभरपाई यांचे वर्षही तेच. दुसरा संप १९२२ साली झाला. १९२४ साली पोलाद उद्योगाला संरक्षक जकात मिळाली. परदेशी मालावरील ही जकात देशातील ग्राहकाला सोसावी लागणार असल्याने कायदेमंडळात कामगारांच्या स्थितीचा प्रश्न निघणे अपरिहार्य होते, आणि कंपनीचे घरगुती वर्तन हा सार्वजनिक विषय बनला. ऑगस्ट १९२५ मध्ये गांधीजी जमशेदपुरास आले. त्यानंतर सी. एफ. अँड्र्यूज यांच्या अध्यक्षतेखालील संघटनेला कंपनीने मान्यता दिली. १९२८ साली नोकरकपातीच्या प्रश्नावरून संप आणि टाळेबंदी यांचे कित्येक महिन्यांचे झुंज झाले. सुभाषचंद्र बोस मध्ये पडले व सप्टेंबरात तडजोड झाली. बाळंतपणाच्या मदतीचे साल हेच. (मुंबई इलाख्याचा तत्संबंधीचा कायदा १९२९ चा आहे.) प्रत्येक सवलत संपाने मिळविली असे यावरून म्हणता येत नाही. १९१२, १९१५ व १९१७ ची पावले कोणत्याही मोठ्या संपाआधीची आहेत. परंतु १९२० नंतर ज्याला कल्याणकार्य म्हटले गेले ते मालक, संघटना आणि जकात देणारे सरकार यांच्यातील अलिखित करार होते, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. कोष्टकात यांपैकी एकाच पक्षाचे नाव राहिले, एवढेच.

स्वातंत्र्यानंतर या कार्याचा विस्तार कारखान्याच्या भिंतीबाहेर झाला. १९७९ साली ग्रामीण विकासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन करण्यात आली आणि आसपासच्या खेड्यांत पाणी, शेती, आरोग्य यांची कामे सुरू झाली. ही कामे मोलाची आहेत. परंतु जमिनीचा मूळ प्रश्न त्यांनी सुटत नाही. ओडिशातील कलिंगनगर येथे २ जानेवारी २००६ रोजी कंपनीच्या नव्या कारखान्याची भिंत बांधण्यास विरोध करणाऱ्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशीच्या घटनेत तेरा आदिवासी आणि एक पोलीस मरण पावले. साकचीचे नाव जमशेदपूर झाले ती तारीखही २ जानेवारीच होती, साल १९१९.

उरतो तो नागरिकत्वाचा प्रश्न. मुंबईच्या चाळीतील कामगाराला मिळालेले पाणी अपुरे होते, पण ज्या सभेने ते द्यावयाचे तिच्यासाठी मत देण्याचा अधिकार, उशिरा का होईना, त्याला मिळाला. जमशेदपूरच्या रहिवाशाला पाणी चांगले मिळाले आणि ती सभा मिळाली नाही. १९२४ साली नोटिफाइड एरिया कमिटी नेमण्यात आली. परंतु नगरसेवा प्रामुख्याने कंपनीचे नगरखातेच चालवीत राहिले आणि २००३ साली त्यासाठी वेगळी उपकंपनी निघाली. निवडून आलेली नगरपालिका स्थापन व्हावी म्हणून एका नागरिकाने १९८८ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. याच्या उलट, नगरपालिका नकोच असे म्हणणारे रहिवासीही थोडे नव्हते; शेजारच्या गावांतील गटारे आणि कचरा पाहून त्यांचे मत बनले होते व ते निव्वळ अज्ञानाचे म्हणता येत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने या वादात तिसरा मार्ग काढून ठेवला : ज्या औद्योगिक क्षेत्रात कारखानाच नगरसेवा पुरवितो तेथे नगरपालिकेऐवजी 'औद्योगिक नगरी' घोषित करण्याची मुभा राज्यपालांना मिळाली. झारखंड शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये जमशेदपूरसाठी हाच मार्ग पत्करला.

जमिनीचे प्रकरण त्याआधीच वेगळ्या वळणावर गेले होते. बिहारमध्ये १९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली, आणि पुष्कळ वादानंतर कंपनी ही जमीनदार न राहता सरकारची भाडेपट्टेदार झाली. १९८५ साली झालेला पट्टा १ जानेवारी १९५६ पासून चाळीस वर्षांचा धरण्यात आला. २००५ साली त्याचे पुढील तीस वर्षांसाठी, म्हणजे १९९६ च्या आरंभापासून २०२५ च्या अखेरपर्यंत, नूतनीकरण झाले. या वेळी छ्याऐंशी बस्त्यांची जमीन पट्ट्यातून वगळण्यात आली. तेथील पुष्कळ कुटुंबांच्या पिढ्या कारखान्याच्या आणि त्याच्या पुरवठादारांच्या कामावर जगल्या होत्या. पट्ट्यातून सुटल्यामुळे बस्त्या कंपनीच्या जमिनीवर राहिल्या नाहीत. घराखालच्या जमिनीची मालकी रहिवाशांच्या नावे झाली असेही नाही. त्यानंतरच्या प्रत्येक विधानसभा निवडणुकीत मालकी हक्काची मागणी घेऊन उमेदवार या बस्त्यांत जात राहिले.