वालचंदनगर : कारखान्यांसाठी यंत्रे घडविणारा उद्योग

बारामती-इंदापूर परिसरातील ऊसशेतीचा पाया १८७६-७८ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर साकारलेल्या नीरा डाव्या कालव्याने घातला. १९३२ मध्ये देशी साखरधंद्यास जकातीचे संरक्षण मिळाले. शेठ वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब परिसरात ऊसमळे व साखर कारखाना उभारला. त्यातूनच वालचंदनगर ही उद्योगनगरी वसली.

या उद्योगाचे वेगळेपण पुढील टप्प्यात दिसते. स्वातंत्र्योत्तर काळात प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखानदारी विस्तारली. नव्या कारखान्यांना यंत्रे हवी होती, तर आयातीवर परकीय चलनाच्या टंचाईची मर्यादा होती. अशा वेळी वालचंदनगरने यंत्रनिर्मितीत पाऊल टाकले. स्वतः साखर तयार करीत असल्याने ग्राहक-कारखान्याच्या अडचणी त्यास परक्या नव्हत्या. पुढे सिमेंट, अणुऊर्जा व अवकाश या क्षेत्रांसाठीही तेथे यंत्रभाग घडू लागले.

तथापि अशा व्यवसायात ग्राहक मोजके असतात, भांडवल दीर्घकाळ अडकते आणि मागणी शासकीय धोरणानुसार बदलते. साखरेचे एक गिऱ्हाईक गेल्यास दुसरे मिळते; यंत्रांची एक मोठी मागणी हुकल्यास मात्र तिच्या झळा साऱ्या वसाहतीस पोहोचतात. ग्रामीण औद्योगिकीकरणाचे मूल्यमापन करताना कौशल्यवृद्धीबरोबरच हे परावलंबनही विचारात घेणे आवश्यक ठरते.